बीटा-नॅफ्थॉलपासून नेरोलिन: विल्यमसन पद्धतीने इथर बनवण्याची पूर्ण कृती

विल्यमसन पद्धतीचा प्रयोग बिघडतो तेव्हा त्याचं मूळ बहुतेक वेळा आदल्या दिवशी वहीत लिहिलेल्या समीकरणात सापडतं. इथरमध्ये ऑक्सिजनच्या दोन बाजूंना दोन गट असतात. त्यातला कोणता गट ऑक्सिजनसकट आणायचा आणि कोणता हॅलोजनसकट, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं तर दोन तास नीट रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळणं) करूनही हाती इथर येत नाही. म्हणून आधी हा निर्णय कसा घ्यायचा ते पाहू आणि मग एक प्रयोग सुरुवातीपासून बाटलीवर चिठ्ठी लावेपर्यंत करू. प्रयोग आहे बीटा-नॅफ्थॉलपासून २-इथॉक्सीनॅफ्थॅलीन बनवण्याचा. साबणाच्या सुगंधात वापरलं जाणारं हे नेरोलिन. (याच नावाने २-मेथॉक्सीनॅफ्थॅलीनही ओळखलं जातं. त्याचं दुसरं नाव यारा-यारा. बाटली विकत घेताना सूत्र वाचून घ्या.)

पद्धत जुनी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अलेक्झांडर विल्यमसन १८५० साली पोटॅशियम इथॉक्साइडवर एथिल आयोडाइडची अभिक्रिया करून पाहत होते. त्यांना हवं होतं जास्त कार्बनचं अल्कोहोल, मिळालं साधं इथर. मग त्यांनी पोटॅशियम इथॉक्साइड आणि मिथिल आयोडाइड घेतलं, आणि उलट बाजूने पोटॅशियम मिथॉक्साइड आणि एथिल आयोडाइड घेतलं. दोन्हींतून एकच मिश्र इथर निघालं. इथरच्या रेणूत एका ऑक्सिजनला दोन अल्काइल गट असतात हे यातून पक्कं झालं. त्या काळी पाणी, अल्कोहोल आणि इथर यांच्या सूत्रांवरून मोठा वाद चालू होता, तो मिटवण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. पुढे १९३० च्या दशकात याच कॉलेजात ह्यूज आणि इन्गोल्ड यांनी अशा अभिक्रियांचा वेग मोजून एसएन१ आणि एसएन२ या यंत्रणा (एका गटाच्या जागी दुसरा गट येण्याच्या दोन वाटा) मांडल्या. विल्यमसनची अभिक्रिया त्यातल्या एसएन२ प्रकारात बसते.

कोणती बाजू अल्कोहोलची, कोणती हॅलाइडची

एसएन२ मध्ये अल्कॉक्साइड किंवा फिनॉक्साइडचा (अल्कोहोल किंवा फिनॉलचा हायड्रोजन निघून उरलेल्या आयनाचा) ऋणभारित ऑक्सिजन हॅलोजन धरून बसलेल्या कार्बनवर पाठीमागून येतो. ऑक्सिजनचा बंध जुळत असतानाच हॅलोजनचा बंध सुटतो. पाठीमागून यायला वाट मोकळी हवी, ही सगळ्यात महत्त्वाची अट. मिथिल हॅलाइडवर वाट पूर्ण मोकळी असते, प्राथमिक हॅलाइडवर (त्या कार्बनला आणखी एकच कार्बन जोडलेला) बरीच मोकळी. द्वितीयकवर (दोन कार्बन) ती अडते आणि तृतीयकवर (तीन कार्बन) बंद होते.

वाट बंद असली म्हणजे काहीच घडत नाही असं मात्र नाही. अल्कॉक्साइड हा तीव्र आम्लारीही आहे. कार्बनपर्यंत पोहोचता आलं नाही की तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतो आणि अल्कीन तयार होतं. टर्शरी-ब्युटिल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड एकत्र तापवलं तर आयसोब्युटिलीन वायू निघून जातो, इथर नावापुरतंच मिळतं. तेच इथर पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड आणि एथिल आयोडाइड घेतलं की सरळ मिळतं. गर्दीचा गट नेहमी ऑक्सिजनच्या बाजूला ठेवायचा.

दुसरी अट बेंझीनच्या वलयाची. वलयाला थेट जोडलेला ब्रोमीन या मार्गाने सुटत नाही, कारण वलयामुळे पाठीमागची वाटच नाही आणि कार्बन-हॅलोजन बंधही जास्त घट्ट असतो. ब्रोमोबेंझीन आणि सोडियम मिथॉक्साइड घेऊन अॅनिसोल करू पाहणारी उत्तरं परीक्षेत दरवर्षी दिसतात. बरोबर मार्ग सोडियम फिनॉक्साइड आणि मिथिल आयोडाइडचा. वलयावर योग्य जागी नायट्रोसारखे गट असले तर हॅलोजन सुटतो, पण ती यंत्रणा वेगळी आहे.

त्रिमितीय रचनेचा प्रश्न असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. किरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेला) अल्कोहोलच्या बाजूला असेल तर त्याचा ऑक्सिजनशी असलेला बंध तुटतच नाही, त्यामुळे रचना जशी होती तशी राहते. तो हॅलाइडच्या बाजूला असेल तर रचना उलटते.

आपल्या नेरोलिनला या अटी लावून पाहा. एका बाजूला नॅफ्थॅलीनचं वलय, दुसऱ्या बाजूला प्राथमिक एथिल गट. ऑक्सिजन वलयाबरोबर यायला हवा आणि हॅलोजन एथिलबरोबर. दुसरा पर्याय उरतच नाही.

आम्लारी आणि द्रावक

साध्या अल्कोहोलचा हायड्रोजन काढायला सोडियम धातू किंवा सोडियम हायड्राइड लागतं, कारण इथेनॉलचा पीकेए (हायड्रोजन किती सहज सुटतो याचं माप, आकडा कमी तर सहज) १६ च्या आसपास आहे. बीटा-नॅफ्थॉलचा पीकेए साधारण ९.५ आहे. म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुरेसं आहे, पोटॅशियम कार्बोनेटही चालतं. पदवीच्या प्रयोगशाळेत मी फिनॉलवर्गीय इथरच सुचवते, त्याचं हे पहिलं कारण. कोरड्या वायूचं आवरण नको, पेट घेणारा हायड्राइड नको. संशोधनात सोडियम हायड्राइड वापरावंच लागलं तर डीएमएफमध्ये (डायमिथिलफॉर्मामाइड हा द्रावक) ते तापवू नका. हे मिश्रण आपोआप तापत जाऊन हाताबाहेर गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

द्रावकाची निवड इथे नुसती विरघळवण्यापुरती नाही. नॅफ्थॉलचा हायड्रोजन काढल्यावर उरणाऱ्या नॅफ्थॉक्साइडमधला ऋणभार ऑक्सिजनवर जसा असतो तसा वलयातल्या पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरही असतो. त्यामुळे अल्काइल गट ऑक्सिजनला लागू शकतो आणि कार्बनलाही. कार्बनला लागला तर इथरऐवजी नवीन नॅफ्थॉल मिळतं. पाणी ऑक्सिजनला हायड्रोजन बंधांनी इतकं वेढून टाकतं की कार्बनचं फावतं. बेंझिल ब्रोमाइड आणि बीटा-नॅफ्थॉक्साइड पाण्यात घेतलं तर बहुतांश माल कार्बनवर जोडलेला निघतो, डीएमएफमध्ये घेतलं तर ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनवर. एथिल हॅलाइडच्या बाबतीत हा ओढा सौम्य असतो, म्हणून इथेनॉलमध्ये काम निभतं. तरीही पाणी कमीत कमी ठेवा. रेक्टिफाइड स्पिरिट (थोडं पाणी असलेलं इथेनॉल) चालेल, त्यात आणखी पाणी घालू नका. द्रावक म्हणून मिथेनॉल घेण्याचा मोहही टाळा, कारण आम्लारीत तयार होणारं मिथॉक्साइड तुमचं एथिल आयोडाइड खाऊन एथिल मिथिल इथर बनवतं आणि ते वायू होऊन उडून जातं.

इथेनॉलमध्येही असाच थोडा तोटा होतो. थोडं इथॉक्साइड तयार होतं आणि त्यातून डायएथिल इथर. प्रमाण कमी असतं, पण हे इथर अतिशय ज्वालाग्राही आहे. म्हणून या प्रयोगात बर्नर पेटवायचाच नाही. वॉटर बाथ विजेवरचा हवा, किंवा हीटिंग मँटल.

साहित्य आणि मापं

बीटा-नॅफ्थॉल २.८८ ग्रॅम, म्हणजे २० मिलिमोल. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या १.६ ग्रॅम, गोळ्यांत साधारण १५ टक्के पाणी असतं, ते वजा जाता २४ मिलिमोल. एथिल आयोडाइड २ मिलिलिटर, घनता १.९४ असल्यामुळे हे ३.८८ ग्रॅम, साधारण २५ मिलिमोल. इथेनॉल २० मिलिलिटर. नॅफ्थॉल सगळ्यात कमी मोल घेतलं आहे, त्यामुळे उतारा (किती माल मिळाला) त्याच्यावरच मोजायचा.

नॅफ्थॉल जुनं आणि तपकिरी पडलेलं असेल तर आधी शुद्ध करून घ्या. आम्लारीत ते हवेने आणखी काळवंडतं आणि तो रंग शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. एथिल आयोडाइड उजेडाने विघटित होऊन आयोडीन सुटतं, म्हणून बाटली तांबूस दिसते. फिकट गुलाबी असेल तर तसंच वापरा. गडद असेल तर सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाबरोबर हलवून थर वेगळा करा आणि कॅल्शियम क्लोराइडवर वाळवा. साठवताना बाटलीत स्वच्छ तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून ठेवला की रंग पुन्हा येत नाही.

एथिल आयोडाइड शरीरातल्या रेणूंनाही याच यंत्रणेने अल्काइल गट लावू शकतं. ते मोजणं, ओतणं आणि रिफ्लक्स ही तिन्ही कामं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करा. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ते लवकर आरपार जातं, म्हणून थेंब पडला की मोजे लगेच बदला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी चष्मा हवाच, आणि उन्हाळ्यात वाफेने धूसर होतो म्हणून तो कपाळावर सरकवायचा नाही.

प्रत्यक्ष कृती

१०० मिलिलिटरचा गोलबुडाचा फ्लास्क घ्या. त्यात इथेनॉल आणि नॅफ्थॉल घालून हलवा, मग गोळ्या दोन-तीन वेळा करून टाका. द्रावण तापेल. गोळ्या पूर्ण विरघळेपर्यंत कोमट ठेवून हलवत राहा. तळाशी गोळी शिल्लक असताना हॅलाइड घालू नका, कारण नॅफ्थॉक्साइड पूर्ण तयार झालेलं नसतं. जोडणीच्या काचेला ग्रीस नीट लावा. आम्लारीने काचेचे जोड चिकटतात आणि मग कंडेन्सर सोडवताना फ्लास्क फुटतो.

द्रावण हाताला सोसेल इतकं निवलं की उकळीचे खडे टाका, कंडेन्सर बसवा, पाणी चालू करा आणि मगच वरून ड्रॉपरने एथिल आयोडाइड सोडा. त्याचा उत्कलनांक ७२ अंश सेल्सिअस आहे, इथेनॉलचा ७८. कंडेन्सरमध्ये पाणी थंड नसेल तर सगळ्यात आधी हॅलाइडच निसटतं. एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भात टाकीचं पाणीच ३५ अंशांना पोहोचतं आणि वर टंचाई. अशा वेळी बादलीत बर्फाचं पाणी घेऊन कूलरचा छोटा पंप त्यात सोडावा आणि तेच पाणी फिरवत ठेवावं. पाणीही वाचतं, उताराही.

दीड ते दोन तास मंद रिफ्लक्स ठेवा. वाफेची ओली कडा कंडेन्सरच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात राहायला हवी. हळूहळू पोटॅशियम आयोडाइडचा पांढरा गाळ दिसू लागतो, अभिक्रिया चालल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण. गाळामुळे द्रावण उसळतं, म्हणून मॅग्नेटिक ढवळणी असेल तर लावा.

अभिक्रिया संपली का, हे घड्याळापेक्षा टीएलसी (सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करून पाहणं) नीट सांगतं. फ्लास्कमधला थेंब सरळ प्लेटवर लावू नका, कारण नॅफ्थॉलचा क्षार सिलिकावर धड चालत नाही. छोट्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब आणि तितकंच एथिल अॅसिटेट घ्या, त्यात हा थेंब हलवा आणि वरच्या थरातून ठिपका लावा. शेजारी मूळ नॅफ्थॉलचा ठिपका हवा. हेक्झेन आणि एथिल अॅसिटेट नऊला एक या प्रमाणात पुरतं. अतिनील दिव्याखाली इथरचा ठिपका बराच वर आणि नॅफ्थॉलचा खाली दिसतो. खालचा ठिपका ठळक असेल तर अर्धा तास आणखी द्या.

बर्फावर ओतताना

नेरोलिनचा द्रवणांक ३७ ते ३८ अंश आहे, आणि कच्च्या मालात अशुद्धी असल्यामुळे तो त्याहूनही खाली वितळतो. इथून पुढच्या सगळ्या अडचणी या एका आकड्यातून येतात.

१०० मिलिलिटर पाण्यात भरपूर चुरलेला बर्फ घ्या आणि फ्लास्क थोडा निवल्यावर द्रावण बारीक धारेने, जोरात ढवळत ओता. हेही हूडमध्येच, कारण उरलेलं एथिल आयोडाइड याच वेळी हवेत येतं. बर्फ भरपूर असेल तर फिकट रंगाचा घन माल वर येतो. नुसतं नळाचं पाणी वापरलं तर तळाशी तेल बसतं. तसं झालं तर घाबरू नका: बीकर बर्फात ठेवा, काचेच्या कांडीने आतली बाजू घासा, मागच्या बॅचचा एखादा कण असेल तर टाका आणि ढवळत राहा. तरीही तेलच राहिलं तर सरळ एथिल अॅसिटेटने काढून घ्या, तो थर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने आणि मग मिठाच्या पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर वाळवा आणि द्रावक उडवा.

घन मिळाला असेल तर बुकनर फनेलवर गाळा. आता ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या बर्फासारख्या थंड द्रावणाने दोनदा धुवा. उरलेलं नॅफ्थॉल क्षार होऊन पाण्यात जातं, इथर विरघळत नाही. शेवटी थंड पाण्याने गाळण उदासीन होईपर्यंत धुवा. ही धुणावळ टाळणाऱ्याचा द्रवणांक कधीच जुळत नाही. आयोडाइडचे अंश असलेलं हे गाळण बेसिनमध्ये न ओतता टाकाऊ रसायनांच्या वेगळ्या बाटलीत साठवा.

पुनर्स्फटिकीकरण

इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त माल घालवतात. नेहमीची सवय असते उकळत्या इथेनॉलच्या कमीत कमी आकारमानात विरघळवायचं. नेरोलिनला ती सवय मारक आहे. द्रावण इतकं संपृक्त झालं की ५० अंशांवरच माल बाहेर पडू लागतो, आणि त्या तापमानाला बाहेर पडतो तो द्रवरूपातच. थेंब तळाशी जमतात, अशुद्धी त्यांच्यातच विरघळते आणि थंड झाल्यावर सगळ्याचा एक मळकट गोळा बनतो.

म्हणून इथेनॉल थोडं सढळ घ्या, आणि उकळी न आणता कोमट असतानाच विरघळवा. रंग असेल तर चिमूटभर सक्रिय कोळसा टाकून गरम गाळा. मग द्रावण आपोआप ३५ अंशांच्या खाली येऊ द्या. तोपर्यंत ते स्वच्छ राहायला हवं. गढूळ होऊन थेंब दिसू लागले तर थोडं इथेनॉल घालून पुन्हा कोमट करा. ३५ च्या खाली गेल्यावर कांडीने घासा किंवा बीजकण टाका, स्फटिक सुरू होऊ द्या आणि मगच बर्फात ठेवा. लवकर उरकायचं म्हणून वरून पाणी घालू नका. पाण्याने तेलच सुटतं.

गाळताना फनेल आणि धुण्याचं इथेनॉल दोन्ही बर्फात थंड केलेली असावीत. आणि वाळवायला ओव्हन नाही. १०० काय, ४० अंशांच्या ओव्हनमध्येही हा माल वितळून गाळणपत्रात मुरतो. कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये थंड जागी रात्रभर ठेवा.

नेरोलिनच आहे हे कशावरून

सैद्धांतिक उतारा ३.४४ ग्रॅम. २.६ ग्रॅम मिळाला तर ७५ टक्के, आणि या प्रमाणावर तो चांगलाच म्हणायचा.

द्रवणांक घेताना उपकरण आधी २५ अंशांपर्यंत थंड करून घ्या. नागपूरच्या मे महिन्यात खोलीचंच तापमान द्रवणांकाच्या वर असतं आणि केशनळीतला माल उपकरणात घालण्याआधीच वितळलेला असतो. तो अशुद्ध आहे असं समजून फेकून देऊ नका, फ्रीजमध्ये गोठवून मोजा. मूळ नॅफ्थॉल १२१ ते १२३ अंशांना वितळतं, त्यामुळे दोन्हींत घोटाळा होण्याचा प्रश्नच नाही.

चिमूटभर माल सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये हलवा. विरघळला नाही तर मुक्त नॅफ्थॉल गेलेलं आहे. अवरक्त वर्णपट मिळाला तर ३२०० ते ३४०० सेंमी⁻¹ च्या पट्ट्यातला रुंद ओ-एच उंचवटा नाहीसा झालेला हवा आणि १२५० च्या आसपास कार्बन-ऑक्सिजनचा ठळक उंचवटा हवा. प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन मोजणारा वर्णपट) साधारण १.५ पीपीएमला तीन हायड्रोजनांची तिहेरी रेषा, ४.१ च्या जवळ दोन हायड्रोजनांची चौपदरी रेषा आणि ७.१ ते ७.८ मध्ये वलयाचे सात हायड्रोजन. वलयाचे सहाच भरत असतील तर एथिल गट कार्बनला लागलेला असण्याची शंका घ्या.

वास गोड, संत्र्याच्या फुलांच्या जातीचा असतो. तो कच्च्या मालाचा घेऊ नका. पूर्ण वाळलेल्या स्फटिकांचाही हाताने वारा घालूनच घ्या.

एथिल आयोडाइड नसेल तर

ते महाग आहे, आणि अनेक कॉलेजांत ब्रोमाइडच असतं. तेही चालतं, पण एथिल ब्रोमाइड ३८ अंशांनाच उकळतं. २.५ मिलिलिटर घ्या, कंडेन्सरमध्ये बर्फाचं पाणी फिरवा, पहिला तास बाथ ५० अंशांवर ठेवून मग वाढवा. सोबत ०.३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड टाका. आयोडाइड आयन ब्रोमाइडची जागा घेऊन फ्लास्कमध्येच एथिल आयोडाइड बनवतो आणि नॅफ्थॉक्साइडशी अभिक्रिया झाली की पुन्हा मोकळा होतो, म्हणून थोडंसं पुरतं. मिथिल इथरसाठी डायमिथिल सल्फेट वापरणाऱ्या जुन्या कृती सापडतील. ते अत्यंत विषारी आहे, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत आणूच नका.

उन्हाळी परीक्षेसाठी प्रयोग निवडायचा असेल तर मी एथिलऐवजी बेंझिल इथर घेईन. बीटा-नॅफ्थॉल, बेंझिल क्लोराइड, दीडपट मोल कोरडं पोटॅशियम कार्बोनेट, चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड आणि द्रावक म्हणून अॅसिटोन. अॅसिटोनमध्ये हायड्रॉक्साइड घालायचं नाही, कारण त्याने अॅसिटोनचे रेणू आपसातच जोडले जातात. कार्बोनेट विरघळत नाही, त्यामुळे ढवळणी चालूच हवी आणि वेळही जास्त लागतो, चार-पाच तास. बेंझिल क्लोराइडने डोळ्यांतून पाणी येतं, ते हूडबाहेर काढू नका. मिळणारं इथर १०० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उकळत्या इथेनॉलमधून नेहमीसारखे स्फटिक पडतात, ५० अंशांच्या ओव्हनमध्ये बिनधास्त वाळवता येतात आणि मे महिन्यातही द्रवणांक परीक्षकासमोर घेता येतो.